वकील आहे म्हणून घर नाही, आणि वकिली घरांचीच करायची आहे

ताई,
सनद मिळून मला दीड वर्ष झालं. पुण्यात एका दिवाणी वकिलांकडे ज्युनियर आहे. रेरा (बिल्डर आणि घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा), सोसायट्या, भाडेकरू, म्हणजे थोडक्यात घरांच्या कायद्यांतच काम करायचं माझ्या मनात आहे. सर म्हणतात, असं सुटं काही नसतं, सगळं शीक. घरचे म्हणतात, कंपनीत जा, नाहीतर न्यायाधीशाच्या परीक्षेला बस. त्यातच मी भाड्याने घर शोधते आहे. पहिल्या मालकाने ‘वकील आणि पोलीस आम्ही ठेवत नाही’ म्हणत फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणी एजंटने पूर्ण नाव विचारलं आणि आडनाव ऐकून ‘ओनर गावाला गेलेत, कळवतो’ म्हणाला. आम्ही बौद्ध आहोत, ते आडनावावरून कळतं. तीन आठवडे झाले, तो फ्लॅट अजून जाहिरातीत दिसतो. अमेरिकेत यावर कायदा आहे, आम्हाला कॉलेजात शिकवला होता. आपल्याकडे तो नाहीच, तर या क्षेत्रात येऊन मी करणार काय? आणि यात पोट भरेल का?
– एक ज्युनियर, पुणे

आधी तुझ्या घराचं बोलू, करिअरचं मागाहून. तुला आलेले दोन नकार वरून सारखे दिसतात, पण कायद्याच्या नजरेत ते एकमेकांपासून फार लांब आहेत. ते वेगळे काढता येणं, हेच या वकिलीतलं पहिलं काम.

‘वकील नको’ या नकाराविरुद्ध तुझ्या हातात काहीच नाही. खासगी मालकाने कोणत्या व्यवसायाचा भाडेकरू घ्यावा, यावर आपल्याकडे बंधन नाही. घटनेचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं. त्याचं दुसरं पोटकलम खासगी माणसांनाही लागू होतं, पण त्यात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते आहेत. राहतं घर नाही. मात्र हा मालक दुष्ट नाही, घाबरलेला आहे. वकील घरात शिरला की निघत नाही, असं त्याने कुठेतरी ऐकलंय. पुढच्या वेळी असा मालक भेटला तर रागावू नकोस, त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ समजावून सांग. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मिळतो आणि तोवर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मिळते. करार मी स्वतः नोंदवून देते, असं त्याला सांग. मी माझ्या दोन ज्युनियर मुलींना अशाच बोलण्यातून घरं मिळालेली पाहिली आहेत. भीती कमी करणं हेसुद्धा आपल्या कामातच बसतं.

आडनावाचा नकार मात्र असा समजावून सुटणारा नाही, आणि तो समजून घेण्याचीही गरज नाही. १९१७ साली बडोद्यात, परदेशातून शिकून संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते उतरले होते, तिथून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. हे तुला मी सांगायला नको. पण पुढचं कलम कदाचित कॉलेजात कुणी उघडून दाखवलं नसेल, म्हणून सांगते.

नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५. त्याचं कलम ४ काढ. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधण्यास, घेण्यास किंवा तिथे राहण्यास अडथळा आणणं हा गुन्हा आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. कलम ७ च्या स्पष्टीकरणात बहिष्काराची व्याख्या आहे, आणि तिची सुरुवातच घर किंवा जमीन भाड्याने द्यायला नकार देण्यापासून होते. आता कलम १२ वाच. या कायद्याखाली गुन्हा ठरणारं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडलं असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं कोर्टाने गृहीत धरायचं आहे. उलट सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे जातीचं प्रमाणपत्र असेल तर हे कलम तुझ्या बाजूने उभं राहतं. शिक्षा थोडी आहे, एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. पण ‘कायदाच नाही’ हे तुझं वाक्य खोडण्यापुरतं एवढं पुरेसं आहे.

अडचण कायद्याची नाही, पुराव्याची आहे. ‘ओनर गावाला गेलेत’ या वाक्यात जात कुठेच नाही. तू अमेरिकेचं नाव काढलंस म्हणून सांगते. तिथला फेअर हाउसिंगचा कायदा ११ एप्रिल १९६८ ला सहीनिशी आला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवडाभरात. आधी त्यात वंश, रंग, धर्म आणि मूळ देश एवढंच होतं; लिंग १९७४ मध्ये आलं, अपंगत्व आणि लहान मुलं असलेली कुटुंबं १९८८ मध्ये. पण तिथले वकील केस कशी उभी करतात, ते आपण शिकण्यासारखं आहे. एकाच घरासाठी ते दोन माणसं पाठवतात, उत्पन्न सारखं, नोकरी सारखी, वंश वेगळा. एकाला घर दाखवलं जातं, दुसऱ्याला ‘गेलं’ म्हणून सांगतात. मग दोघांच्या टिपणांवर केस उभी राहते. अशा तपासनिसालाही दावा लावता येतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मान्य केलं.

तर आज संध्याकाळी हे कर. जाहिरातीचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेव. एजंटशी झालेल्या बोलण्याची तारीख, वेळ आणि त्याचे शब्द वहीत जसेच्या तसे लिही. वेगळ्या आडनावाच्या मैत्रिणीला त्याच फ्लॅटसाठी फोन करायला सांग. तिचा पगार, तिचं वय तुझ्यासारखंच हवं. तिला ‘उद्या बघायला या’ म्हटलं गेलं, तर तुझ्या हातात काहीतरी आलं. कॉल रेकॉर्ड केला असेल तर ज्या फोनवर केला तो विकू नकोस, फॉरमॅट करू नकोस. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. मग पोलिसांकडे जायचं की नाही, ते तू ठरव. घर शोधत असताना लढाई अंगावर घेणं प्रत्येकाला जमतंच असं नाही आणि नाही जमलं तर त्यात कमीपणाही नाही. पुरावा मात्र आजच जमव, उद्या तो मिळणार नाही.

कायद्याचे आणखी दोन तुकडे या कामात उपयोगी पडतील. एचआयव्ही आणि एड्सबाबतचा २०१७ चा कायदा आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा. दोन्हींत राहण्याचा, घर घेण्याचा, भाड्याने घेण्याचा हक्क नाकारू नये असं स्पष्ट शब्दांत आहे आणि ते खासगी व्यक्तींनाही लागू आहे. धर्म, खाणंपिणं, एकटी बाई, लग्न न झालेलं जोडपं यांच्यासाठी असं काहीच नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा उपविधी, म्हणजे संस्थेचा स्वतःचा नियम, वैध ठरवला. मला तो निकाल कधीच पटला नाही. संस्था काढायच्या स्वातंत्र्यातून शहराचे तुकडे पाडायचं स्वातंत्र्य निघतं, हे मी अजून मान्य केलेलं नाही. पण तो आहे, आणि समोरचा वकील तो दाखवणारच. तेव्हा तो तोंडपाठ असू दे.

सोसायट्यांचं एक बघ, कारण रोजचा भेदभाव तिथेच होतो. मालक तयार असतो, सेक्रेटरी म्हणतो ‘बॅचलर चालणार नाहीत, कमिटीची एनओसी आणा’. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. त्या सोसायटीचे नोंदणी झालेले उपविधी मागवायचे, त्यातला नियम काढायचा आणि मालकाच्या सहीने एक पानी पत्र द्यायचं. माझ्या अनुभवात दहातली सात भांडणं त्या पत्रावर संपतात. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही आणि कुणाचं नावही खराब होत नाही.

आता पोटाचं.

‘न्याय्य घर’ या नावाची फाइल घेऊन तुझ्याकडे कुणी येणार नाही. येतील ते ताबा रखडला म्हणून, जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे म्हणून, मालकाने पाणी तोडलं म्हणून. माझ्या काळात घरांचा कायदा तीनदा मुळापासून हलला. ३१ मार्च २००० ला नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने करून दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायची सोय, आली, १ मे २०१७ ला रेरा पूर्णपणे लागू झाला. दर वेळी ज्यांनी मूळ कायदा आणि नियम स्वतः बसून वाचले त्यांना काम मिळालं. ज्येष्ठ वकीलही तेव्हा आपल्याइतकेच नवखे होते. तुझ्या वयाच्या वकिलाला अशी दारं दुसऱ्या कायद्यांत सहसा उघडी मिळत नाहीत.

रेरात तक्रार लिहिणं अवघड नाही. कलम १८, ताब्याची तारीख, भरलेले पैसे, व्याज. तिथे सीए आणि कंपनी सेक्रेटरीही उभे राहू शकतात, त्यामुळे नुसती तक्रार लिहून तुझी ओळख होणार नाही. खरं काम ऑर्डर हातात आल्यावर सुरू होतं. बिल्डर पैसे देत नाही, मग कलम ४० खाली वसुली वॉरंट निघतं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायला. तिथून ते तहसील कार्यालयात येतं आणि पडून राहतं. का? कारण वॉरंटवर फक्त कंपनीचं नाव आणि एक बंद ऑफिसचा पत्ता असतो. तहसीलदार जप्त काय करणार? जो वकील त्या कंपनीच्या जमिनींचे सातबारे, मालमत्ता पत्रकं (प्रॉपर्टी कार्ड), न विकलेल्या फ्लॅट्सची यादी काढून अर्जाला जोडतो, त्याच्या अशिलाचे पैसे येण्याची शक्यता असते. ही यादी करायला शीक. रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती बिल्डरनेच भरलेली असते, तिथून सुरुवात कर. आमच्यातले फार थोडे वकील तहसीलची पायरी चढतात. त्यांना ते कमी प्रतीचं काम वाटतं. ऐंशी वर्षांच्या आजोबांनी आयुष्याची पुंजी घातलेली असते आणि हातात तीन वर्षांपूर्वीची ऑर्डर लॅमिनेट करून ठेवलेली असते. त्या माणसासाठी न्याय तहसील कार्यालयातच आहे.

मानीव अभिहस्तांतरणाचंही तसंच. जिल्हा उपनिबंधकांचा आदेश आला की सोसायटी पेढे वाटते. पण पुढे मुद्रांकाचा अभिनिर्णय (शुल्क किती ते ठरवून घेणं), दस्ताची नोंदणी आणि शेवटी मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव लागणं बाकी असतं. ते नाव लागेपर्यंत फाइल बंद करायची नाही, हा माझ्या ऑफिसातला नियम आहे. या कामाला वेळ लागतो, पण सोसायट्या फी देतात आणि एक काम नीट झालं की शेजारच्या तीन सोसायट्या येतात. पोट यावर भरतं. पहिली तीन-चार वर्षं ओढाताण होईल, हे लपवत नाही. मला पहिल्या वर्षी महिना पाचशे रुपये मिळायचे आणि मी ते घरी सांगत नव्हते.

आता एक गोष्ट, जी मला वकिली सुरू करून तिसऱ्या वर्षी कळली. गिरगावातल्या एका चाळीतली आजी माझी पहिली स्वतंत्र अशील. मालकाचा दावा होता की दोन वर्षांचं भाडं थकलं, खोली खाली करा. तिचं म्हणणं एवढंच, की मी भाडं दिलंय. पावत्या विचारल्या तर नाहीत. मी लघुवाद न्यायालयात जबाब दाखल केला, त्यात ‘भाडं दिलं आहे’ असं मोघम लिहिलं. उलटतपासाच्या आधी काहीतरी विचारायला म्हणून तिच्या खोलीवर गेले. दहा बाय बाराची खोली. फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, चहा करताना तिने तो साखरेसाठी काढला, आणि शेजारचा दुसरा डबाही खाली आला. त्यात रबर लावलेली मनीऑर्डरची परत आलेली कुपनं. बावीस. दर महिन्याला भाडं पाठवलेलं, दर महिन्याला पोस्टमनने ‘घेण्यास नकार’ लिहून परत आणलेलं. भाडं देण्याची तयारी आणि इच्छा भाडेकरूला याहून चांगली दाखवता येत नाही. मी तिला विचारलं, हे मला आधी का नाही दाखवलंत? ती म्हणाली, पैसे परत आले ना, म्हणजे दिले नाहीत असंच झालं की.

तिला वाटत होतं ती हरलेली आहे. मी तिला पाच वेळा ऑफिसात बोलावलं होतं, एकदाही तिच्या घरी गेले नव्हते. जबाबात दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागला, समोरच्यांनी कडाडून विरोध केला, कोर्टाने खर्चासह परवानगी दिली. तो खर्च मी भरला, कारण चूक माझी होती. आजी त्या खोलीतच शेवटपर्यंत राहिली. तेव्हापासून घराची केस घेतली की मी घर बघितल्याशिवाय लिहायला घेत नाही. पाण्याची केस असेल तर नळ कुठे आहे, कॉक कुणाच्या ताब्यात आहे, ते डोळ्यांनी बघते. आवश्यक सेवा तोडल्याचा अर्ज भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली जातो, आणि त्या अर्जात कॉकची जागा बरोबर लिहिलेली असेल तर समोरच्या वकिलाला बोलायला फार काही उरत नाही.

याच कायद्याचं कलम ५५ भिंतीवर लावून ठेव. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. केला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे आणि तो तुला रोज कुणीतरी सांगेल. दुबळ्या बाजूला इतकं वजन देणारी कलमं फार नसतात.

एका बाबतीत मात्र मला तुला आत्ताच सावध करायचं आहे, कारण तुझ्या शहरात पुनर्विकासाची लाट आहे आणि तू कामाला लागलीस की ते काम पहिलं येईल. सोसायटी वकील नेमते आणि ‘फी बिल्डर देईल’ असं ठरतं. सगळे करतात, म्हणून ते बरोबर होत नाही. ज्या करारात तुझ्या अशिलांचं घर, तात्पुरतं भाडं, बँक हमी, सगळं अडकलंय, तो तपासायचे पैसे समोरच्याने द्यायचे, हे चालणार नाही. सोसायटीची वकील असशील तर फी सोसायटीच्या खात्यातून आली पाहिजे. त्यापायी माझी तीन कामं गेली. त्यातल्या एका इमारतीचे लोक आज सहा वर्षं भाड्याच्या घरात आहेत आणि तात्पुरतं भाडं थांबलंय. तो करार मी वाचला असता तर बँक हमीशिवाय सही होऊ दिली नसती. ते मला अजून लागतं.

कंपनीत जायचं तर जा, पण मनाने इथे राहणार असशील तर दोन्हीकडे अर्धीच राहशील. न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालापासून तीन वर्षांची वकिली लागतेच, तेव्हा घरच्यांना सांग की तोवर तू सरांकडेच आहेस. त्यांचंही मन राहील. म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, महापालिका यांच्याकडे विधी अधिकाऱ्यांची पदं असतात, जाहिराती बघत राहा. नियम आतून कसा राबतो ते तिथे कळतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलसाठी अर्ज कर. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि घरातून काढलेल्या बायका तिथेच येतात.

तुझे सर ‘सगळं शीक’ म्हणतात ते खरं आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता हाताखाली नसेल तर घराचा वकील लंगडा. आठवड्यातले पाच दिवस त्यांचे. एक दुपार उपनिबंधकांच्या सुनावण्यांना मागे बसून ऐक, आणि कुणी अर्ज लिहायला मदत मागितली तर लिहून दे.

घर मिळालं की करार सहीआधी मला पाठव. डिपॉझिट किती दिवसांत परत द्यायचं ते त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. मी ते कलम घालून देते.